लाटेवरचा विद्यार्थी

होनोलुलू शहराच्या आग्नेयेस, डायमंड हेड नावाच्या निमालेल्या ज्वालामुखीच्या अलीकडे, वायकीकीची पुळण पसरलेली आहे. तिच्यापुढचा समुद्र बराच दूरवर उथळ असून त्याच्या तळाशी पोवळ्यांचे खडक आहेत. दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळ्यात, हजारो मैलांवर, जी वादळे उठतात त्यांच्या लाटा मे ते सप्टेंबर या काळात येथवर येऊन पोचतात आणि या खडकांवर येताच ताठ होऊन फुटतात. १९०७ सालच्या उन्हाळ्यात एके दिवशी नारळीच्या सावलीत बसून एक पाहुणा हा देखावा पाहत होता. लाटांमागून लाटा येत होत्या. त्यांचा गडगडाट ऐकून कोणासही वाटावे की, या पाण्यात शिरणे म्हणजे जीव गमावणे होय. तोच दूरच्या एका शुभ्र लाटेच्या माथ्यावर एक सावळी मनुष्याकृती दिसू लागली. ती पोहत नव्हती, बुडत नव्हती, कशाला धरूनही नव्हती. ती उभी होती. लाट धावत होती आणि तिच्यावर तो मनुष्य, अंगणात उभे राहावे इतक्या सहजतेने, उभ्या उभ्या किनाऱ्याकडे येत होता. लाट विरली तसा तो गुडघाभर पाण्यात उतरला, पायाखालची लांबट फळी त्याने उचलली आणि तो पुन्हा आत जाण्यास वळला.

सावलीतला तो पाहुणा म्हणजे अमेरिकेचा प्रख्यात कथालेखक जॅक लंडन. वय एकतीस वर्षांचे. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही त्याची कादंबरी चार वर्षांपूर्वी प्रसिद्ध होऊन घरोघर पोचली होती. समुद्र त्याला नवा नव्हता. मिसरूड फुटण्यापूर्वीच तो सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरात होडी हाकू लागला होता आणि सतराव्या वर्षी सील माशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी होऊन जपानच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आला होता. (सील हा खरोखरी मासा नव्हे, परंतु खलाशांच्या बोलीत त्याला मासाच म्हणत.) आताही तो आपल्या पत्नीसह ‘स्नार्क’ नावाच्या लहानशा शिडाच्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला होता. २३ एप्रिल रोजी सान फ्रान्सिस्को सोडल्यावर ध्यानात आले की, जहाज नेमके कोठे आहे हे ताऱ्यांवरून व सूर्यावरून काढणारा भरवशाचा माणूस बरोबर नाही. तेव्हा या गृहस्थाने पुस्तके उघडली, गणिते मांडली आणि वाटेतच ती विद्या हस्तगत करून घेतली. २० मे रोजी जहाज हवाई बेटांना सुखरूप लागले. पुस्तकातून समुद्र जिंकता येतो, असे अशा माणसास वाटू लागले असल्यास नवल ते काय!

परंतु समोरच्या पाण्यात जे चालले होते त्याचे पुस्तक नव्हते.

लाट म्हणजे पुढे धावणारे पाणी, असा सामान्यतः समज असतो. तो खरा नाही. तळ्यात दगड टाकला असता लहरी काठापर्यंत जातात, पण पाण्यावर पडलेले वाळके पान जागच्या जागी वरखाली होत राहते. ज्वारीच्या उभ्या शेतावरून वारा गेला म्हणजे एक लहर शेताच्या या टोकापासून त्या टोकास जाते, परंतु एकही ताट आपली जागा सोडीत नाही. समुद्राचेही तसेच आहे. खोल पाण्यात लाट चालते, पाणी चालत नाही. ते आपल्या जागी एक गिरकी घेऊन स्वस्थ होते. लाट उथळ जागी आली म्हणजे मात्र तिचा खालचा भाग तळाशी अडखळतो. पाय अडले आणि धड पुढे गेले तर माणूस जसा तोंडघशी पडतो, तशी ती लाट तोंडघशी पडते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की हा प्रकार घडतो. लाट ताठ उभी राहते, तिच्या पुढच्या अंगाला चांगला तीव्र उतार तयार होतो, आणि तिचा माथा फेसाळून खाली कोसळू लागतो.

हा उतार हेच लाटेवर स्वार होणाऱ्याचे मैदान. फळी त्या उतारावरून खाली घसरते. मग ती तळाशी का पोचत नाही? कारण ज्या पाण्यावरून ती घसरते ते पाणी सारखे वर चढत असते. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून एखादा माणूस खाली उतरू लागला तर तो पुष्कळ पावले टाकूनही मधल्यामध्येच राहील. तसेच हे आहे. फळी सारखी खाली घसरते, पाणी सारखे वर येते, आणि या दोहोंच्या ओढाताणीत स्वार मात्र किनाऱ्याकडे वाहून नेला जातो. युक्ती एवढीच की, लाट येऊन पोचेल त्या क्षणी फळीलाही बराच वेग आलेला असला पाहिजे. उभ्या फळीखालून लाट निघून जाते. धावत्या फळीला ती उचलून घेते.

हवाई बेटांतील लोकांना हे सारे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. कॅप्टन कुकच्या अखेरच्या सफरीतील जेम्स किंग या अधिकाऱ्याने १७७९ मध्येच या खेळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेथे राजे, राण्या, कोळी, मुले, सर्वच जण लाटांवर खेळत. राजघराण्यातील मंडळींच्या ‘ओलो’ नावाच्या फळ्या पंधरा-सोळा फूट लांब असत आणि त्यासाठी विलिविली नावाच्या झाडाचे हलके लाकूड वापरीत. हे विलिविली म्हणजे महाराष्ट्रातील पांगाऱ्याच्याच जातकुळीतील झाड. पांगाऱ्याचा बिंडा पाठीला बांधून विहिरीत पोहणे शिकलेली माणसे खेडोपाडी अजून भेटतात. दोन दूरदूरच्या भूमींवरील लोकांनी त्याच जातीच्या लाकडावर भरवसा टाकून पाण्यात उडी घ्यावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात परकीयांबरोबर आलेल्या रोगांनी त्या बेटांवरील प्रजा भराभर मृत्युमुखी पडली. जे उरले त्यांच्या जुन्या खेळांकडे मिशनरी मंडळी नाखुशीने पाहत. लाटा पूर्वीसारख्याच येत राहिल्या, पण त्यांच्यावरचे स्वार विरळ झाले. सुप्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन १८६६ मध्ये तेथे गेला असता त्यानेही एकदा फळी घेऊन हा प्रयोग करून पाहिला. फळी किनाऱ्याला लागली, स्वार पाण्यात राहिला. ही विद्या तेथील रहिवाशांनाच साध्य आहे, असे लिहून ट्वेनसाहेब मोकळे झाले. असे लिहिणे हा पराभव झाकण्याचा एक सोपा मार्ग असतो.

जॅक लंडनने तो मार्ग पत्करला नाही. त्याने एक फळी मिळविली आणि तो पाण्यात उतरला.

एकदम दूरच्या लाटांत जाण्याइतका तो अविचारी नव्हता. किनाऱ्यालगत, कमरेइतक्या पाण्यात, लहान लहान लाटांवर तेथील मुले खेळत होती. तीच त्याने आपली शाळा ठरविली. पोरे लाटेकडे पाठ करून उभी राहत. बरी लाट दिसली की फळीवर पालथी पडून पाय झपाझप हलवीत, आणि क्षणात लाट त्यांना घेऊन किनाऱ्याकडे पळे. यात अवघड ते काय! लंडन त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. लाट आली, पोरे पालथी पडली, तोही पडला. पोरांनी पाय झाडले, त्यानेही झाडले. पोरे हसत-ओरडत दूर गेली आणि तो जेथल्या तेथे राहिला. लाट त्याच्या अंगाखालून, जणू त्याची दखलही न घेता, निघून गेली.

पुन्हा रांग, पुन्हा लाट, पुन्हा तेच. मुले करतात त्याहून दुप्पट जोराने त्याने पाय झाडून पाहिले. उपयोग शून्य. लोकांनी ज्याच्या पुस्तकांसाठी दुकानांत गर्दी करावी, ज्याने बर्फाळ क्लोंडाइकमध्ये हिवाळा काढावा, तो धट्टाकट्टा पुरुष आठ-दहा वर्षांच्या पोरांमध्ये सर्वांत मागे पडलेला, धापा टाकीत उभा आहे, आणि पोरे किनाऱ्याला लागून पुन्हा परत येत आहेत, असे ते दृश्य होते. अशा वेळी मोठ्या माणसाला दोन वाटा असतात. फळी वाईट आहे असे म्हणून ती टाकून द्यावी; नाहीतर कोणाचे आपल्याकडे लक्ष नाही असे स्वतःस पटवून प्रयत्न चालू ठेवावा. लंडनने दुसरी वाट धरली. तब्बल एक तास तो त्या पाण्यात होता. एका तासात एकाही लाटेने त्याला हातभर पुढे नेले नाही.

वास्तविक फळी खरोखरीच वाईट होती.

हे त्याला सांगणारा मनुष्य योगायोगाने तेथे आला. त्याचे नाव अलेक्झांडर ह्यूम फोर्ड. चाळिशीला टेकलेला, देशोदेशी भटकणारा हा अमेरिकन वार्ताहर काही आठवड्यांपूर्वीच बेटांवर आला होता आणि लाटांच्या नादाने तेथेच अडकून पडला होता. त्याने लंडनची ती तोकडी, पातळ फळी पाहिली मात्र, ती ताबडतोब टाकून देण्यास सांगितले. तिचे टोक वाळूत रुतले तर दुसरे टोक पोटात शिरेल, असे त्याचे म्हणणे होते. मुलाच्या फळीवर मुलाचे ओझे तरंगते. मोठ्याचे ओझे तिला बुडवून धरते, मग तिला वेग यावा कोठून? फोर्डने आपली स्वतःची मोठी फळी त्याच्यापुढे केली. ती ७५ पौंड वजनाची होती. तिच्यावर कोठे व कसे पालथे पडावे हे त्याने दाखविले, चांगली लाट येईपर्यंत वाट पाहिली आणि अगदी नेमक्या क्षणी मागून एक ढकलणी दिली.

ज्या कोणाला लहानपणी वडिलांनी सायकल मागून धरून नकळत सोडून दिली असेल, त्याला पुढचे सांगावयास नको. लाटेने फळी उचलली. लंडन सुमारे दीडशे फूट वाऱ्यासारखा गेला आणि वाळूला लागला. त्या एका ढकलणीत तो फळीचा कायमचा गुलाम झाला. धावत फोर्डकडे परत जाऊन त्याने पुन्हा ढकलावयास सांगितले, पुन्हा, पुन्हा. आणि अर्ध्या तासात कोणाच्या मदतीवाचून लाट पकडू लागला. मघाच्या तासाभरात जे हजार लाथांनी झाले नव्हते ते आता होऊ लागले. तासभर पाहूनही जे दिसले नव्हते ते एका माणसाच्या हाताने पाठीतून शिकविले. कोणत्या क्षणी निघावे हे सांगता येत नाही. ते अंगालाच कळावे लागते.

थोडे येऊ लागले की शिकाऊ माणूस सर्वांत धोकादायक होतो. आपल्याला आणि इतरांनाही. एका लाटेवरून लंडन असा ऐटीत येत असता समोर कमरेइतक्या पाण्यात एक बाई उभी असलेली त्याला दिसली. फळी आणि तो मिळून २४० पौंडांचे ओझे, ताशी सुमारे १५ मैलांचा वेग, आणि थांबण्याचा काही उपाय नाही. त्या काळच्या फळीला खाली कल्ले नसत, त्यामुळे ती वळविण्यास पायांखेरीज दुसरे सुकाणू नव्हते. फोर्डने थोड्याच वेळापूर्वी तेच सांगून ठेवले होते. लंडनने मागे पाय पाण्यात दाबून वाकडा केला. फळी आडवी झाली, लाटेने त्याला एक फटका हाणून खाली पाडले, तळाच्या वाळूवर लोळविले, नाकातोंडात पाणी गेले. कसाबसा उठून पाहतो तो बाई समोर सुखरूप उभी! आपण एक प्राण वाचविला या भावनेने त्याचा ऊर भरून आला. बाई मात्र त्याची ती त्रेधा पाहून हसत होती. आपण संकटात होतो हे तिला माहीतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी फोर्ड त्याला दूरच्या, निळ्या पाण्यात घेऊन गेला. तेथे जाणे हाच एक मोठा पाठ होता, कारण जाताना प्रत्येक फुटणारी लाट समोरून अंगावर येई. या ठिकाणी लंडनला जी गोष्ट शिकावी लागली ती त्याच्या साऱ्या स्वभावाविरुद्ध होती. त्याच्या कथांतील नायक झगडतात, निसर्गाशी दोन हात करतात. येथे झगडणारा माणूस मार खात होता. लाट तोंडावर थप्पड मारावयास आली तर तोंड समोर ठेवू नये. पाण्यात बुडी मारून तिला डोक्यावरून जाऊ द्यावे. तिने खाली खेचले तर अंग ताठ करू नये, सैल सोडावे. धडपडणाऱ्याचा श्वास आधी संपतो. निमूटपणे वाट पाहणाऱ्याला पाणी स्वतःच वर आणून सोडते. घट्ट मुठीच्या माणसाला मूठ उघडणे हे सर्वांत अवघड काम असते, आणि फोर्ड त्याच्याकडून तेच करवून घेत होता.

याच खोल पाण्यात त्यांना जॉर्ज फ्रीथ भेटला. एका लाटेतून डोके वर काढून लंडन पाहतो तो पुढच्याच लाटेवरून हा तेवीस वर्षांचा तरुण निश्चिंतपणे उभा राहून येत होता. फोर्डने हाक मारताच लाट सोडून देऊन तो त्यांच्याजवळ आला आणि नवख्याला शिकवू लागला. अवाढव्य लाट येताना दिसली तर फळीवर बसून तिची वाट पाहू नये. फळीच्या मागच्या बाजूने पाण्यात घसरावे, हात डोक्यावर घेऊन फळी धरून ठेवावी आणि लाट वरून जाऊ द्यावी, हे फ्रीथने त्याला दाखविले. फ्रीथचा जन्म होनोलुलूचा. त्याच्या आजोळच्या रक्तात हवाईयन अंश होता. त्याच वर्षीच्या जुलैत तो कॅलिफोर्नियाला गेला आणि तेथील किनाऱ्यांवर त्याने हा खेळ लोकांना करून दाखविला. पुढे तो जीवरक्षक झाला. १६ डिसेंबर १९०८ च्या वादळात व्हेनिस येथील समुद्रात सापडलेल्या जपानी कोळ्यांकडे तो पोहत पुन्हा पुन्हा गेला. सात जणांचे प्राण वाचविल्याबद्दल अमेरिकन सरकारने त्याला सुवर्णपदक दिले. १९१९ च्या एप्रिलमध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. लाटेखाली शांत राहण्याची जी विद्या त्या दिवशी त्याने एका पाहुण्याला गंमत म्हणून शिकविली, तीच त्याची आयुष्यभराची मिळकत होती.

त्या दिवशी लंडनने दूरच्या पाण्यात पहिली मोठी लाट पकडली. प्रथम डोळे उघडे असूनही त्याला काही दिसले नाही. सभोवार नुसता शुभ्र फेस होता. मग दिसू लागले ते हे की, फळीचे टोक चांगले हातभर पाण्याबाहेर हवेत आहे. त्याने भार पुढे सारून ते खाली आणले. मग ते बुडू लागले, म्हणून भार मागे घेतला, तो इतका मागे की लाट त्याला सोडून पुढे गेली आणि तो तिच्या पाठीवरून मागे घरंगळला. या साऱ्या प्रकारात तो पालथाच होता. उभे राहणे अजून दूरच होते.

आणि उभे राहणे म्हणजे तरी काय? घडते ते एका क्षणात. फळी लाटेवर घसरू लागली की दोन्ही तळवे छातीच्या दोहो बाजूंस फळीवर टेकावेत, हात ताठ करून छाती उचलावी, आणि त्याच उसळीत दोन्ही पाय अंगाखाली ओढून घ्यावेत. एक पुढे, एक मागे, पावले फळीला आडवी, गुडघे वाकलेले. हेच वाळूवर फळी ठेवून कोणीही पहिल्या खेपेस करील. पाण्यावर मात्र वेगळेच होते. नवशिक्याचे हात भीतीने फळीच्या कडा घट्ट पकडतात. कड धरली की फळी त्या बाजूस कलते आणि माणूस आधी गुडघ्यावर, मग पाण्यात जातो. कोणी सावकाश, सांभाळून उठू पाहतो; जितका सावकाश उठतो तितका वेळ तो धड झोपलेला नसतो, धड उभाही नसतो, आणि त्या अधांतरी अवस्थेतच लाट त्याला गाठते. परंतु सर्वांत मोठी चूक डोळ्यांची. पाय जागेवर पडले की नाही हे पाहण्यासाठी नवशिक्या खाली बघतो. मस्तकासारखी जड वस्तू खाली झुकली की सारे अंग तिच्यामागे झुकते, फळीचे टोक पाण्यात घुसते, आणि स्वार त्याच्यावरून पुढे फेकला जातो. जाणते लोक म्हणून सांगतात की, पायांकडे पाहू नये. किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडाकडे पाहावे. ज्याच्यावर आपण उभे आहोत त्याकडे न पाहता उभे राहावयाचे, ही गोष्ट बुद्धीला पटत असली तरी मानेला लवकर पटत नाही.

आणखी एक गंमत आहे. फळी स्थिर असता तिच्यावर उभे राहणे जवळजवळ अशक्य असते. ती धावू लागली की तेच सोपे होते. सायकल उभी असता कलंडते आणि चालू लागली की सावरते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून धीर येण्याची वाट पाहत जो थांबतो त्याच्या खालची फळी मंदावते, डळमळू लागते, आणि मग धीर येण्यास कारणच उरत नाही. आजच्या नवशिक्याला फेसासारख्या हलक्या पदार्थाची मऊ फळी मिळते, तिला कल्ले असतात, पायाला बांधावयास दोरी असते. फळी हातची सुटली तरी दूर जात नाही. १९०७ मध्ये यांपैकी काहीही नव्हते. भरीव लाकडाची फळी एकदा सुटली की तिच्यामागे पोहत जावे लागे, आणि पुढची लाट तीच फळी आपल्या डोक्यात घालणार नाही ना, इकडे लक्ष ठेवावे लागे. तरीही त्या चार तासांत, दर खेपेस अर्धा मैल वल्हवत जाऊन, लंडन पुन्हा पुन्हा लाटा घेत राहिला. किनाऱ्यावर परत आला तेव्हा त्याचा निश्चय पक्का झाला होता: उद्या येईन तो उभा राहूनच येईन.

त्या निश्चयात एका गोष्टीचा विचार राहून गेला होता, आणि ती गोष्ट माथ्यावर तळपत होती. होनोलुलू कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास तेथे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. थंड पाण्यात ऊन जाणवत नाही, आणि फळीवर पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर, पिंढऱ्यांवर, गुडघ्यांच्या मागील लवणीत, जेथे एरवी कधी ऊन पोचत नाही अशा कातडीवर, ते चार तास सरळ पडत होते. सकाळी त्या जागा भाजल्यासारख्या झाल्या, सुजल्या, फोड आले. पाय सरळ करता येईना, मग त्यांच्यावर उभे राहणे कोठले! लाटांनी ज्याला पुन्हा पुन्हा पाडूनही इजा केली नव्हती त्याला उन्हाने अंथरुणाला खिळवून टाकले.

अंथरुणात पडल्या पडल्या त्याने जे लिहिले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एका अमेरिकन मासिकात छापून आले, आणि पुढे १९११ साली ‘स्नार्क’च्या सफरीवरील त्याच्या पुस्तकात समाविष्ट झाले. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशा असंख्य वाचकांना या खेळाची पहिली ओळख त्या पानांनी करून दिली. फोर्डने १९०८ मध्ये वायकीकीला एक मंडळ स्थापन केले. फळ्या आणि होड्या ठेवण्यास तेथे जागा झाली. ट्वेनच्या शेऱ्याला हे उत्तर झाले खरे. तथापि या उत्तराचे श्रेय लिहिणाऱ्यापेक्षा शिकविणाऱ्यांकडे अधिक जाते, आणि त्यांतही, उथळ पाण्यात ज्यांनी एका थोर लेखकाला तासभर मागे टाकले, त्या नाव नसलेल्या पोरांकडे.

तो लेख मोठा आनंदी आहे. त्यात लाटांचे गुणगान आहे, फोर्ड आणि फ्रीथ यांची वाखाणणी आहे, लेखकाने स्वतःची मनसोक्त केलेली थट्टा आहे. लाटेवर उभे राहण्याच्या खेळासंबंधी इतक्या चवीने लिहिणाऱ्या या माणसाने त्या लेखात मात्र एकदाही उभे राहिल्याचे सांगितलेले नाही. लेख संपतो तेव्हा तो अजून अंथरुणातच आहे. जहाज बंदरात नांगर टाकून उभे आहे, आणि आपण फळीवर उभे राहिल्याखेरीज ते येथून हलणार नाही, उद्या नाही जमले तर परवा, असे तो बजावून सांगतो आहे.